लसीकरण कार्यक्रमातले बदल: कोकण किनाऱ्यावरच्या आरोग्यकर्मींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा स्वतःच्या दवाखान्यात बाळांना लस देणाऱ्या सगळ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. महिन्याच्या सभेत, सत्राच्या दिवशी फोनवर आणि कधी फेरीबोटीत उभ्याउभ्या जे विचारलं गेलं तेच इथे घेतलं आहे. परिपत्रकाची जागा ही उत्तरं घेणार नाहीत. जिल्ह्याचा नवा आदेश आला की तोच धरायचा.

गेल्या काही वर्षांत वेळापत्रकात नेमकं काय काय बदललं?

बदल एकदम आले नाहीत, म्हणून जुन्या-नव्याचा गोंधळ होतो. एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटेच्या पोलिओ लसीतून टाइप दोनचा विषाणू काढला आणि तीन प्रकारांची लस जाऊन दोन प्रकारांची आली. त्याच सुमारास इंजेक्शनचा पोलिओ त्वचेत, ०.१ मिलीच्या अंशमात्रेत द्यायला सुरुवात झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली आणि नियमित लसीकरणात गोवरच्या जागी एमआर आली. २०१९ मध्ये रोटाचे, म्हणजे रोटाव्हायरसच्या जुलाबांवरच्या लसीचे डोस महाराष्ट्रात सुरू झाले. टीटीची (फक्त धनुर्वाताची लस) जागा टीडीने (धनुर्वात आणि घटसर्प) घेतली. २०२१ मध्ये न्यूमोनियावरची न्यूमोकोकल लस, म्हणजे पीसीव्ही आली. जानेवारी २०२३ पासून अंशमात्रा पोलिओचा तिसरा डोस नवव्या महिन्यात जोडला गेला.

अनेक उपकेंद्रांच्या भिंतीवर अजून जुना तक्ता लटकलेला दिसतो. नवी आरोग्यसेविका रुजू झाली की तिची नजर आधी भिंतीकडे जाते. जुना तक्ता आजच उतरवा.

आजचं पूर्ण वेळापत्रक एका दमात सांगाल?

जन्मतः बीसीजी (क्षयरोगावरची), हिपॅटायटिस बीचा जन्मडोस आणि पोलिओचा शून्य डोस. सहा आठवड्यांना पोलिओचे थेंब, पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), रोटा, अंशमात्रा पोलिओ आणि पीसीव्ही यांचे पहिले डोस. दहा आठवड्यांना थेंब, पेंटा आणि रोटा, प्रत्येकी दुसरा. चौदा आठवड्यांना थेंब, पेंटा आणि रोटाचा तिसरा, शिवाय अंशमात्रा पोलिओ आणि पीसीव्हीचा दुसरा. नऊ महिने पूर्ण झाले की एमआर पहिला, अंशमात्रा पोलिओ तिसरा, पीसीव्ही बूस्टर आणि ‘अ’ जीवनसत्त्व १ मिली. सोळा ते चोवीस महिन्यांत एमआर दुसरा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ बूस्टर आणि ‘अ’ जीवनसत्त्व २ मिली. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्व, एकूण नऊ मात्रा. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर. दहा आणि सोळा वर्षांना टीडी. जपानी मेंदूज्वराची लस फक्त निवडलेल्या जिल्ह्यांत दिली जाते. तुमचा जिल्हा त्यात असेल तर ती तुमच्या कृती आराखड्यात असेलच.

कुठली सुई कुठे, यावर आमच्यात एकमत होत नाही.

एकमत व्हायलाच हवं. पुढे सुजेची किंवा गाठीची तक्रार आली, तर ती कुठल्या लसीची हे जागेवरूनच कळतं. बीसीजी डाव्या दंडावर, त्वचेत. पेंटा डाव्या मांडीच्या मधल्या भागात पुढच्या-बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पीसीव्ही उजव्या मांडीत. अंशमात्रा पोलिओचे पहिले दोन डोस उजव्या दंडावर त्वचेत. तिसरा मात्र डाव्या दंडावर, कारण नवव्या महिन्यात उजव्या दंडावर एमआर त्वचेखाली जाते. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. दोन सुया एकाच मांडीत द्यायची वेळ आली तर त्यांत किमान एक इंच अंतर ठेवा.

बीसीजीची मात्रा महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, त्यानंतर ०.१ मिली.

एका दिवशी इतक्या सुया आईला नको वाटतात. दोन फेऱ्यांत विभागून दिल्या तर?

नको. वाडीवरून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढायचं, तिथून एसटी धरायची, मध्ये खाडी असेल तर तरीची, म्हणजे होडीची वाट बघायची, या सगळ्यात दुसरी फेरी बऱ्याचदा होतच नाही. एकाच दिवशी दिल्याने कुठल्याही लसीचं काम कमी होत नाही आणि त्रासही वाढत नाही. आईला सरळ सांगा, ‘रडायचं ते एकदाच रडेल, पुन्हा पुन्हा नको.’ बाळ मांडीवर घट्ट धरून ठेवायला सांगा आणि सुया झाल्यावर लगेच छातीशी लावायला सांगा. आजी सोबत असेल तर तिलाही बसवून समजावा. पुढच्या वेळी बाळाला घेऊन कोण येणार, हे अनेक घरांत तीच ठरवते.

बाळ उशिरा आलं तर सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का?

कधीच नाही. दिलेला डोस वाया जात नाही. राहिला तिथून पुढे जायचं. पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. जास्त गेले म्हणून काही बिघडत नाही.

खरी अडचण वयाच्या मर्यादेची आहे आणि ती तोंडपाठ हवी. बीसीजी एक वर्षापर्यंतच. पेंटा, रोटा आणि पीसीव्ही यांचा पहिला डोस एक वर्षाच्या आत मिळाला तर पुढचे डोस वर्षानंतरही पूर्ण करता येतात, पण वर्ष उलटल्यावर नव्याने सुरुवात होत नाही. पेंटाचा एकही डोस नसेल तर वर्षानंतर डीपीटी द्यायची, सात वर्षांपर्यंत चालते. एमआर आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत. एमआरच्या दोन डोसांत किमान चार आठवडे.

याचा अर्थ काय, ते एका बाळाच्या गोष्टीतून मला कळलं. साडेअकरा महिन्यांचं कातकरी बाळ आईने सत्राला आणलं होतं. आधीची एकही लस नव्हती. नाक वाहत होतं म्हणून कुणीतरी ‘सर्दी बरी झाली की या’ म्हणून परत पाठवलं. कुटुंब कोळशाच्या कामाला घाटावर गेलं. परतलं तेव्हा बाळ चौदा महिन्यांचं होतं. त्या एका परतवण्याने बीसीजी गेली, पेंटा गेली, रोटा गेली, पीसीव्ही गेली. हाती उरली डीपीटी, थेंब, एमआर आणि ‘अ’ जीवनसत्त्व. तेवढं आम्ही दिलं. त्या दिवशी ती आई काहीच बोलली नाही, आणि मलाही तिला काय सांगावं ते सुचेना.

ते बाळ पहिल्यांदा आलं त्याच दिवशी त्याला बीसीजी, थेंब, पेंटा, रोटा, अंशमात्रा पोलिओ, पीसीव्ही, एमआर, सगळ्यांचे पहिले डोस एकत्र देता आले असते.

मग सर्दी-ताप असताना लस देता येते?

सर्दी, खोकला, हलका ताप, साधे जुलाब, अंगावरचं दूध, कमी वजन, अँटिबायोटिक चालू असणं, यांतलं काहीही लस रोखण्याचं कारण नाही. कमी वजनाच्या, आजारी पडणाऱ्या बाळाला तर लस जास्त गरजेची. बाळ खरंच गंभीर आजारी असेल, म्हणजे दूध ओढत नाही, झटके येतायत, दाखल करायची वेळ आहे, तर आधी उपचार करा आणि बरं होऊन घरी जाताना लस देऊन पाठवा. त्याच लसीच्या आधीच्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी आली असेल, तर तो डोस देऊ नका आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला.

गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईची बाळं येतात. कार्ड घरी राहिलेलं असतं. काय करायचं?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी काही बाळं तशीच परत जातात. चाकरमानी कुटुंब दहा-पंधरा दिवस राहतं. त्यातला सत्राचा दिवस नेमका गौरी-विसर्जनाच्या दिवशी येतो. म्हणून गणपतीच्या आठवड्यातलं सत्र आधीच पुढेमागे करून आराखड्यात घाला आणि आशाताईंकडून वाडीवाडीत निरोप पोचवा. आरतीला घराघरांत लोक जमतात, तिथे सांगितलेलं गावभर होतं.

कार्ड नसेल तर तिथल्या आरोग्यसेविकेला, दवाखान्याला किंवा बाळाच्या वडिलांना फोन लावून कार्डाचा फोटो मागवा. यू-विनवर (लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदणीत) नोंद असेल तर मोबाइल नंबरवरून सापडते. काहीच मिळालं नाही तर आईला नेमके प्रश्न विचारा: मांडीत सुई कितीदा दिली, दंडावर कधी दिली, तोंडात थेंब किती वेळा टाकले. तरीही खात्री नसेल आणि बाळ वयात बसत असेल, तर डोस द्या. एखादा डोस जास्त झाला तर बाळाचं नुकसान होत नाही. न मिळालेल्या डोसाने होतं.

खासगी दवाखान्यातलं कार्ड वाचायला शिका. हेक्झा म्हणजे पेंटा आणि इंजेक्शनचा पोलिओ एकत्र. एमएमआर मिळाली असेल तर ती एमआर धरा. रोटाचा दोन डोसांचा प्रकार तिथे पूर्ण झाला असेल तर आपला तिसरा लागत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, बाळाचे जन्माचे डोस इथे होतात आणि दीड-दोन महिन्यांनी ती विरार-नालासोपाऱ्याला परत जाते. जायच्या आधी पुढची तारीख कार्डावर ठळक लिहा आणि सहा आठवडे झाले असतील तर डोस देऊनच पाठवा.

खलाशी, बागेतले राखणदार, चिरेखाणीवरचे मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबं: यांची बाळं कुणाच्या यादीत?

ज्यांच्या हद्दीत ती आज रात्री झोपणार आहेत, त्यांच्या. रेशनकार्ड, आधार, मूळ गाव यातलं काहीही लस देण्याची अट नाही.

कधी शोधायचं ते कामाच्या ऋतूवरून ठरवा. आंबा-काजूच्या बागांत नेपाळी कुटुंबं साधारण दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत असतात, सड्यावर एकटीदुकटी, रस्त्यापासून लांब. बागमालकाला फोन केल्याशिवाय ती सापडत नाहीत, म्हणून मालकांचे नंबर आशाताईंच्या वहीत असू द्यात. चिरेखाणी आणि वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद. मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, त्यामुळे मोठ्या बंदरांत कुटुंबासह राहणारे खलाशी मेच्या अखेरीस गावी निघतात. मेचं सत्र त्यांना गाठण्याची शेवटची वेळ.

नेपाळी कार्डाबद्दल एक गोष्ट कामाला येईल. त्यावरच्या तारखा विक्रम संवतात असतात. २०८० असं वर्ष दिसलं की घाबरू नका, ते साधारण एप्रिल २०२३ ते एप्रिल २०२४. वर्षातून ५७ वजा केले की ढोबळ हिशोब लागतो, पण पौषाच्या मध्यापासून चैत्र अखेरपर्यंतच्या तारखांना ५६ वजा करायचे. त्यांचं वर्ष वैशाखात, म्हणजे आपल्या एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. बाळाचं वय यावरूनच ठरतं, म्हणून घाई करू नका.

खासगी रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचा हिपॅटायटिस बीचा जन्मडोस राहतो.

तो २४ तासांच्या आतच द्यायचा असतो, नंतर जन्मडोस म्हणून देता येत नाही. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणं हा त्याचा हेतू आहे, आणि प्रत्येक तास मोलाचा आहे. रविवार, सुट्टी, रात्रीचं बाळंतपण ही कारणं चालत नाहीत. प्रसूती होणाऱ्या खासगी रुग्णालयांशी तालुक्याने बसून बोलावं, लस आणि नोंदवही दोन्ही द्यावीत आणि दर महिन्याला बाळंतपणं किती व जन्मडोस किती हे ताडून बघावं.

उघडलेली कुपी पुढच्या सत्राला वापरता येते का?

पेंटा, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी, पीसीव्ही, इंजेक्शनचा पोलिओ आणि पोलिओचे थेंब यांच्या उघडलेल्या कुप्या २८ दिवसांपर्यंत वापरता येतात. अटी सगळ्या पाळलेल्या हव्यात: मुदत संपलेली नसावी, व्हीव्हीएम (कुपीवरची उष्णता दाखवणारी खूण) चांगल्या टप्प्यात असावा, कुपी सतत शीतसाखळीत असावी, सुई प्रत्येक वेळी निर्जंतुक असावी आणि रबरी झाकण पाण्यात बुडालेलं नसावं. उघडल्याची तारीख-वेळ कुपीवर लिहिली नसेल तर ती वापरू नका.

बीसीजी, एमआर आणि रोटा यांना ही सवलत नाही. पातळ केलेली बीसीजी किंवा एमआर चार तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी येईल तेव्हा थांबवायची. पातळ केल्याची वेळ कुपीवर लिहायचीच. अशा कुप्या लगेच फेकून देऊ नयेत. वेगळ्या खुणेच्या डब्यात ४८ तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, जे आधी असेल तोवर, ठेवाव्यात. काही घडलं तर तपासाला त्याच लागतात.

एका बाळासाठी एमआरची कुपी फोडायला हात अडतो, हे मला माहीत आहे. फोडा. उरलेले डोस वाया गेले तरी त्याचा हिशोब देता येतो.

द्रावक, म्हणजे लस पातळ करायचं द्रव, बाहेरच्या कपाटात ठेवला तर चालतो का?

साठवायला चालतो. पण वापरण्याआधी २४ तास तो आयएलआरमध्ये, म्हणजे लस ठेवायच्या खास फ्रीजमध्ये असला पाहिजे, म्हणजे लस आणि द्रावक एकाच तापमानाचे राहतील. गरम द्रावकाने जिवंत लस मरते. ज्या कंपनीची लस त्याच कंपनीचा द्रावक, त्यात अदलाबदल नाही. आयएलआरमध्ये लस आणि तिचे द्रावक सोडून दुसरं कुठलंही औषध ठेवू नका, मग ते साप चावल्यावरचं इंजेक्शन असो की ऑक्सिटोसिन. २०१४ साली सीरियात गोवरच्या लसीत द्रावकाऐवजी स्नायू सैल करणारं औषध मिसळलं गेलं आणि बाळं दगावली. दोन्ही कुप्या एकाच फ्रीजमध्ये होत्या. लेबल मोठ्याने वाचून मगच कुपी फोडायची सवय लावा.

पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. लस वाचवायची कशी?

पहिलं, झाकण उघडायचं नाही. आयएलआरच्या भिंतीतला बर्फ बराच वेळ आतलं तापमान धरून ठेवतो, पण तो तयार होण्यासाठी एरवी लाइट सलग मिळालेली असली पाहिजे. दर अर्ध्या तासाने ‘बघू तरी’ म्हणून झाकण उघडणारे हातच लस खराब करतात. बाहेरचा डिस्प्ले आणि ई-विनचा तापमान नोंदवणारा लॉगर बघा.

तापमान ८ अंशांकडे सरकायला लागलं की कोल्ड बॉक्स भरा. त्यासाठी डीप फ्रीजरमध्ये आइसपॅक आधीच गोठलेले हवेत, जूनपासून ते कमी पडू देऊ नका. लस कुठल्या केंद्रात हलवायची, गाडी कुणाची, रात्री चावी कुणाकडे, हे कागदावर लिहून आयएलआरच्या वर चिकटवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कित्येक गावांना आठवडे उलटले तरी वीज आली नाही, रस्त्यावर झाडं आणि खांब आडवे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी पहिल्या मजल्याकडे चढलं. तेव्हा कळलं की ‘शेजारच्या केंद्रात हलवू’ ही योजना पुरेशी नाही, कारण शेजारच्या केंद्राचीही तीच गत असते. दुसरी पर्यायी जागा घाटाच्या किंवा खाडीच्या दुसऱ्या बाजूची ठेवा. आयएलआर तळमजल्यावर असेल आणि आवारात कधीही पाणी शिरलं असेल, तर चौथरा उंच करून घ्या.

खारट हवेने आयएलआरचे पाय आणि मागची जाळी गंजते. भिंतीपासून थोडं पुढे ठेवा, जाळीवरची धूळ महिन्याला पुसा.

बंदरावरच्या बर्फ कारखान्यातला बर्फ लस न्यायच्या कॅरियरमध्ये घातला तर?

कल्पना सुचणं साहजिक आहे, बर्फ दाराशी आहे. पण सुटा बर्फ विरघळतो, कुप्या पाण्यात बुडतात, लेबलं सुटतात आणि रबरी झाकण भिजलं की उघडलेली कुपी बाद होते. शिवाय बर्फाला लागून बसलेली पेंटा गोठू शकते. कॅरियरमध्ये चार कंडिशन केलेले, म्हणजे थोडे वितळू दिलेले आइसपॅकच.

कंडिशनिंगला वेळ लागतो. सकाळी तरीची वेळ असते. थेट फ्रीजरमधले पॅक घातले तर काय होतं?

लस गोठते. याच मुद्द्यावर मी सभेत सगळ्यात जास्त बोलतो, कारण उन्हाने लस खराब होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण थंडीने होते हे मनात बसत नाही. पेंटा, हिपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी, पीसीव्ही, इंजेक्शनचा पोलिओ या लसी गोठल्या की संपल्या. वितळल्यावर कुपी जवळपास तशीच दिसते. व्हीव्हीएम फक्त उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असला की आपण निर्धास्त होतो आणि बाळाला ज्या लसीचं काही काम उरलेलं नाही ती टोचून घरी पाठवतो. ते बाळ कार्डावर पूर्ण लसीकरण झालेलं असतं.

पॅक टेबलावर पसरून ठेवा, बाहेरून घाम सुटला आणि कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं की तयार. साडेसातची होडी असेल तर सहाला कुणीतरी पॅक काढले पाहिजेत, हे ड्युटीच्या यादीत नावानिशी लिहा. आयएलआरमध्येही गोठणाऱ्या लसी वरच्या टोपलीत, तळाशी नाही. तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, सुट्टीच्या दिवशीही. आणि शंका असलेली कुपी बाजूला काढायची, ‘चालून जाईल’ म्हणायचं नाही.

लस दिल्यावर किती वेळ थांबवायचं? तातडीच्या औषधांच्या किटमध्ये काय बघायचं?

अर्धा तास. आईला घाई असते, एसटी चुकते, तरीही अर्धा तास. अॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) झाला तर तो बहुतेक याच वेळात दिसतो: अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वासाला घरघर, नाडी जलद आणि क्षीण. ॲड्रिनलिन मांडीच्या स्नायूत, किटमधल्या वयाच्या तक्त्याप्रमाणे, लगेच. नंतर १०८ ला फोन. सत्राला निघताना ॲड्रिनलिनची मुदत बघा.

शाळेत टीडी देताना मुलं चक्कर येऊन पडतात, तो वेगळा प्रकार. चेहरा पांढरा, नाडी मंद, आडवं केलं की सावरतात. बसवूनच टोचा आणि रांगेतल्या बाकीच्यांना ते दिसणार नाही अशी व्यवस्था करा.

मृत्यू, दाखल करावं लागणं, एकाच सत्रातल्या अनेकांना त्रास होणं, अशी गंभीर घटना २४ तासांच्या आत कळवायची असते. आपल्यावर बालंट येईल म्हणून लपवू नका. लपवलेली घटना गावात दुपटीने पसरते आणि पुढची दोन वर्षं त्या वाडीत कुणी दार उघडत नाही.

अंगावर पुरळ आणि ताप असलेलं मूल आलं. गोवर म्हणायचं का?

ताप आणि पुरळ म्हणजे संशयित, आणि संशयित म्हणजे त्याच दिवशी कळवायचं. नमुना घेणं, आसपासची बाळं मोजणं पुढचं काम. गोवर झालेल्या मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठ दोन दिवस द्यायच्या. २०२२ च्या अखेरीला मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराचा उद्रेक झाला, आणि आपल्या वाड्यावाड्यांचा मुंबईशी रोजचा संबंध आहे. उद्रेकाच्या काळात आदेश आल्यास सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एमआरचा जादा डोस दिला जातो. तो नियमित डोसांत धरायचा नाही. नवव्या आणि सोळाव्या महिन्याचे डोस तरीही द्यायचे.

तसंच पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, कारण काहीही वाटलं तरी, कळवा. शौचाचे दोन नमुने, २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत. देशातला नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला. तो शेवटचाच राहावा म्हणून ही धडपड.

गरोदर आईला टीडी उशिरा द्यायची वेळ आली तर?

पहिला डोस नोंदणीच्या वेळी, दुसरा चार आठवड्यांनी. मागच्या बाळंतपणात दोन डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा गरोदर असेल तर एक बूस्टर पुरे. छत्तीस आठवड्यांच्या आत झालेलं बरं, पण राहिलं असेल तर नंतरही द्या, अगदी कळा सुरू झाल्या असल्या तरी.

बीसीजीचा व्रण उठला नाही, परत द्यायची?

नाही.

नेटवर्क नसेल तिथे यू-विनची नोंद कशी करायची?

सत्र थांबवायचं नाही. टॅली शीटवर आणि नोंदवहीत लिहा, मोबाइल नंबर नीट घ्या, केंद्रावर आल्यावर त्याच दिवशी चढवा. पुढच्या आठवड्यावर ढकललेल्या नोंदींत नावं चुकतात आणि मुंबईत गेलेल्या बाळाची नोंद तिथल्या सेविकेला सापडत नाही. वडील बोटीवर किंवा आखातात असतील तर आईचा नंबर घ्या. ओटीपी नेमका समुद्रात असलेल्या माणसाच्या फोनवर जातो, हे अनेकींनी अनुभवलं आहे.

घरच्यांनी नकार दिला तर पुन्हा जायचं का?

जायचं. पण तेच वाक्य घेऊन नाही. नकाराचं कारण बहुतेक वेळा लस नसतेच. मागच्या वेळी बाळ रात्रभर तापलं आणि ताप येईल हे कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सत्रात कुणीतरी ओरडून बोललं. ते ऐकून घ्या. चार गोष्टी प्रत्येक आईला सांगायच्याच: कुठली लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढे कधी यायचं, कार्ड जपून ठेवायचं. हे चार शब्द न बोलता दिलेल्या लसीचा त्रास पुढच्या भेटीला तुम्हालाच होतो. जमातीतली, मोहल्ल्यातली, कोळीवाड्यातली एखादी आई जिच्या बाळाचं सगळं पूर्ण झालंय, तिला सोबत न्या.

कार्ड पुरात किंवा गळक्या घरात भिजून गेलं तर?

नवं कार्ड करा आणि नोंदवही व यू-विनवरून जुने डोस, तारखांसह, स्वतःच्या हाताने भरून द्या. आईला फोटो काढून ठेवायला सांगा, तिच्याकडे साधा फोन असेल तर आशाताईंच्या फोनमध्ये. आणि कार्ड द्यायच्या आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आमच्याकडे सुकट भरायच्या पिशव्या मिळतात, त्या पुरतात.